दगडातला ठेका

औंढा नागनाथला येणारा माणूस बहुतेकदा घाईत असतो. दर्शनबारी, गाभारा जमिनीखाली असल्यामुळे अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरून उतरण्याची कसरत, पिंडीला हात लागतो न लागतो तोच मागून "चला, चला", आणि पुन्हा वर. बाहेर आल्यावर चपला शोधायच्या आणि हिंगोलीकडची किंवा परभणीकडची गाडी गाठायची. या गडबडीत देवळाची बाहेरची भिंत पाहायची राहून जाते. वास्तविक हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या चित्रकला शिक्षकाला "लय म्हणजे काय" हे पोरांना एका जागी उभे करून दाखवायचे असेल, तर या भिंतीपेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

देऊळ यादवकाळातले, तेराव्या शतकाच्या आसपासचे मानतात. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा निघाला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत औंढा परभणी जिल्ह्यात शोधावे लागते. हेन्री कझेन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ 1931 साली निघाला तेव्हा तर हा सगळा मुलूख निजामाचा होता. लोक देवळाला हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. चुना न वापरता काळ्या दगडात बांधलेली महाराष्ट्रातली जवळजवळ सगळी देवळे पुढे त्याच्या खात्यावर जमा झाली, त्यातली कितीतरी त्याच्या जन्माच्या आधीची आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालचे, म्हणजे हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षांचे. पण तेही हेमाडपंतीच. असो. नावाला इलाज नाही.

लय हा विषय मराठी मुलांना पहिल्यांदा भेटतो तो बहुधा एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत, संकल्पचित्राच्या कागदावर. तोल, प्रमाण, विरोध, सुसंवाद यांच्या ओळीत लयही असते. मूल काय करते? एक फूल, एक पान, एक फूल, एक पान, अशी चौकटीभर नक्षी काढते, त्यात निळा-पिवळा रंग भरते आणि मार्क मिळवते. पण हे झाले पुनरावर्तन. लय त्याच्या पुढे सुरू होते. बाथरूमच्या भिंतीवर एकसारख्या पांढऱ्या टाइल्स असतात. त्यातही एक गोष्ट शंभर वेळा येते, तरी त्या भिंतीला कोणी लयदार म्हणत नाही. दोन टाइल्स पाहिल्या की उरलेल्या अठ्ठ्याण्णव डोळ्याला न पाहताच कळतात, आणि कळले की तो तिथून उठतो. लयीसाठी डोळ्याला पुढे काय येणार याची अपेक्षा लागली पाहिजे आणि ती अपेक्षा किंचित उशिराने, किंचित निराळी होऊन पुरी झाली पाहिजे. तबल्याच्या तीनतालात 16 मात्रा चार-चारच्या चार विभागांत सारख्या वाटलेल्या असतात, पण तिसऱ्या विभागात डग्ग्याचा भरलेला आवाज निघून जातो. तो विभाग 'खाली', म्हणजे रिकामा, म्हणून समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, वजन येते. सगळे विभाग सारखेच भरीव वाजले असते तर सम कुठे आली हे ऐकणाऱ्याला बोटावर मोजावे लागले असते.

आता भिंतीजवळ जाऊ. जमिनीपासून वर पाहत गेले तर भिंत एकसंध नाही. आडव्या थरांवर थर रचत ती वर जाते. शिल्पग्रंथांनी यातल्या प्रत्येक थराला नाव दिले आहे. खालच्या पीठात जाड्यकुंभ, धारदार कडेची कर्णिका, कीर्तिमुखांची ग्रासपट्टी, मग गजथर, अश्वथर, नरथर. त्याच्या वर खुर, कुंभ, कलश, कपोत. आणि त्यानंतर देवदेवता, सुरसुंदरी जिथे उभ्या असतात ती जंघा. प्रत्येक देवळात हे सगळे थर असतातच असे नाही. पैसा, जागा आणि स्थपतीची आवड यांवर काही गळतात, काही दाटीने बसतात. औंढ्याला पायथ्याशी हत्तींची रांग आहे आणि तिच्या वर-खाली कोरीव पट्ट्यांची गर्दी आहे. जाड थर, त्याला लागून अगदी बारीक थर, मग एक खोल खाच, मग पुन्हा फुगीर थर. हातभर उंचीत चार-पाच वेळा भिंत बाहेर येते आणि आत जाते.

याचे मूळ सजावटीत शोधायला जाऊ नये. सुक्या बांधणीत, म्हणजे चुना न वापरता, दगडावर दगड नुसत्या वजनाने आणि घट्ट सांध्यांनी बसवायचा असतो. एक आडवा थर संपूर्ण फिरून पुरा झाला, पातळी जुळली, की मगच दुसरा चढवायचा. प्रत्येक नक्षीपट्टी ही बहुधा दगडांची एक स्वतंत्र ओळ असते. म्हणजे लय आधी गवंड्याच्या कामात होती, शिल्पकाराने ती फक्त उघडी करून दाखवली. आजच्या सिमेंटच्या देवळांवर हेच थर प्लास्टरने ओढून काढतात तेव्हा ते चिकटवल्यासारखे का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. आतल्या बांधकामाला त्यांची गरजच नसते.

दुसरे कारण दगडाचे. मराठवाड्याचा दगड काळा बसाल्ट. अबूच्या देलवाड्याला संगमरवर आहे. तो उजेड परत फेकतो, कागदासारखा पातळ कोरता येतो, आणि त्यावरची नाजूक रेघही दिसते. बसाल्ट उजेड पिऊन टाकतो. त्यावर उथळ नक्षी कितीही मन लावून काढली तरी दहा पावलांवरून ती सपाट दिसते. म्हणून इथल्या कारागिराने खोल खाचा घेतल्या, थर पुढे काढले आणि रेघेचे काम सावलीवर सोपवले. औंढ्याच्या भिंतीवर ठळक दिसणारी जी आडवी रेघ असते ती बहुतेक वेळा कोरलेली नसते. वरच्या थराची सावली खालच्या थरावर पडलेली असते.

एकदा हे कळले की भिंत घड्याळासारखी वाचता येते. सकाळी आणि उतरत्या दुपारी ऊन तिरपे, बाजूने येते. त्या वेळी भिंतीचे उभे कोपरे आणि त्यांच्यामधल्या उभ्या खाचा काळ्याभोर होतात, आणि भिंत उभ्या पट्ट्यांत मोडल्यासारखी दिसते. दुपारी बाराच्या सुमाराला ऊन डोक्यावरून उतरते, उभ्या सावल्या विरतात आणि पुढे आलेल्या प्रत्येक थराखाली सावलीची आडवी पट्टी पडते. आता तीच भिंत आडव्या ओळींची झाली. औंढा साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो. जुलैतला दिवस ढगांत जायचा, पण मेमधल्या त्या दुपारी आभाळ मोकळे असेल तर आडव्या लयीचा अगदी शुद्ध पाठ पाहायला मिळतो. अर्थात त्या उन्हात तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी उभे राहण्याची तयारी हवी.

मराठीत लयीचा सगळ्यात कसून विचार केला तो एका कवीने. बा. सी. मर्ढेकर यांचे 'सौंदर्य आणि साहित्य' 1955 साली आले. पुढच्याच वर्षी ते गेले आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या पश्चात पुस्तकाला मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कलेचे खरे द्रव्य म्हणजे संवेदना: रंग, आकार, स्वर. त्यांची लयबद्ध रचना झाली की सौंदर्य निर्माण होते, आणि ही लय तीन तऱ्हांनी चालते: संवाद, विरोध आणि समतोल. वर्गात हे तीन शब्द पाठ करून घेतात तेव्हा ते कोरडे वाटतात. औंढ्याच्या भिंतीवर लावून पाहिले की जिवंत होतात. हत्तीशेजारी हत्ती हा संवाद. फुगीर थराशेजारी खोल खाच, उजेडाशेजारी अंधार हा विरोध. आणि भिंतीच्या मध्यावर पुढे आलेले मोठे कोनाडे, ज्यांच्या दोन्ही अंगांना लहान-लहान कोन मागे सरकत जातात, हा समतोल. दोन्हीकडची दाटी मधल्या कोनाड्याने तोलून धरलेली असते.

मला मात्र मर्ढेकरांच्या मांडणीत एक गोष्ट कमी पडते असे नेहमी वाटते. त्यांची लय रचनेची आहे, ती एका नजरेत मावते. देऊळ एका नजरेत मावत नाही. त्याला पाय लागतात. त्याकडे येतोच, पण आधी भिंतीच्या आराखड्याविषयी.

यादवकालीन देवळाची भिंत सरळ जातच नाही. थोडी जाते, काटकोनात बाहेर येते, पुन्हा थोडी जाते, पुन्हा वळते. मधला सर्वांत पुढे आलेला भाग म्हणजे भद्र, टोकाचा कोपरा म्हणजे कर्ण, आणि या दोघांच्या दरम्यान प्रतिरथ. दोन भागांमध्ये एक अरुंद उभी खाच. ती खाच नसती तर सगळे भाग एकमेकांत मिसळले असते. संगीतातल्या खालीचेच काम ती करते.

असे कोपरे काढण्याची आणखी एक रीत आहे, ती भूमितीची आवड असणाऱ्याने घरी कागदावर करून पाहावी. एक चौरस काढा. त्याच्या मध्यबिंदूवर तोच चौरस 45 अंशांनी फिरवून पुन्हा काढा, आठ कोनांची चांदणी तयार होते. 30 अंशांचे टप्पे घेऊन तीन चौरस काढले तर बारा कोन, 15 अंशांचे टप्पे घेऊन सहा काढले तर 24. कर्नाटकात गदगजवळ डंबळला दोड्डबसप्पाचे देऊळ आहे, त्याच्या गाभाऱ्याची बाहेरची भिंत अशीच 24 कोनांची आहे. तारकाकृती विधान म्हणतात ते हेच. एक खुंटी, एक दोरी आणि एक चौरस एवढ्या भांडवलावर जमिनीवर आखता येते. कागदाची, मोठ्या आकडेमोडीची गरज नाही. आणि गंमत अशी, की औंढ्याची सगळ्यांना ठाऊक असलेली कथाही फिरण्याचीच आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करायला मनाई झाली, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देवळाने त्यांच्याकडे तोंड फिरवले. कथेत देऊळ फिरते, आराखड्यात चौरस फिरतो. यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

भिंतीवरून नजर वर गेली की औंढ्याला अचानक दुसराच काळ सुरू होतो. खालचे दगडी काम यादवकालीन. वरचा भाग नंतर दुरुस्त झालेला, पेशवाईतल्या धाटणीचा, वीट-चुन्याचा. हे काम अहिल्याबाई होळकरांनी करवले असे सांगतात. कलेतले जाणकार अशा जोडकामाकडे पाहून नाक मुरडतात. मला ते इतके वाईट वाटत नाही. खाली दाट, जलद ठेका चाललेला असतो. वर आल्यावर तो विलंबित होतो, आकार सुटे आणि गुळगुळीत होतात. दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत हे खरे, पण त्यामुळेच खालच्या भिंतीचा दाटपणा जास्त जाणवतो. पूर्वी वर कसे शिखर असेल याची कल्पना करायची तर सिन्नरचे गोंदेश्वर पाहावे. तिथले भूमिज पद्धतीचे शिखर मूळ दगडात उभे आहे. चार दिशांना चार उभ्या पट्ट्या, त्यांना लता म्हणतात. आणि दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा. खालच्या रांगेतले शिखर मोठे, वरच्या रांगेतले थोडे लहान, त्याच्या वरचे आणखी लहान. आकार तोच, माप मात्र प्रत्येक पायरीला घटत जाते. डोळा ते घटणे मनातल्या मनात पुढे चालवतो आणि शिखर प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा उंच वाटू लागते.

हीच युक्ती कित्येक शतकांनी लंडनमध्ये एका चित्रकर्तीने सपाट फळीवर केली. ब्रिजेट रायली यांचे 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' हे 1961 चे चित्र म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा बुद्धिबळासारखा पट. चौकोनांची उंची सगळीकडे सारखी ठेवली आहे, रुंदी मात्र एका बाजूने कमी कमी होत जाते, एका उभ्या रेषेपाशी काडीएवढी उरते आणि पुढे परत वाढते. फळी सपाट आहे हे माहीत असूनही तिथे पट आत दुमडल्यासारखा दिसतो. एकच माप हलवायचे, बाकी सगळे जागच्या जागी ठेवायचे. गोंदेश्वराच्या स्थपतीला हे चित्र दाखवले असते तर त्याला समजावून सांगावे लागले नसते.

आता पायांविषयी. चित्रकलेच्या तासाला हमखास सांगतात की लयीमुळे डोळा रेषेवरून वाहत जातो. डोळा तसा वाहत नाही. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी चित्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, त्यांचे पुस्तक 1967 मध्ये इंग्रजीत आले. डोळा उड्या मारतो, सेकंदाला साधारण तीन. प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबतो, आणि पाहणे होते ते त्या थांब्यावर. चित्रातले चेहरे, हात, महत्त्वाच्या जागा यांवर तो परत परत येतो. चित्रकाराने घातलेली वळणदार रेघ इमाने इतबारे आखत बसत नाही. म्हणजे सपाट चित्रातली लय डोळ्याला क्रमाने मिळत नाही. तुकडे मिळतात, क्रम मन लावते.

देवळाचे तसे नाही. भिंतीचा एक कोपरा वळल्याशिवाय पुढचा दिसत नाही. क्रम बांधकामाने ठरवलेला, वेग चालणाऱ्याच्या पायाने. त्यातही शिवाच्या देवळात प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नसते. तिथपर्यंत जायचे आणि आल्या वाटेने परत फिरायचे. धर्मशास्त्राने त्याची कारणे वेगळी दिली आहेत. पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने यात एक विलक्षण गोष्ट घडते: सगळी भिंत एकदा सुलट आणि एकदा उलट वाचली जाते. जाताना भद्राआधी जे कोन लहानाचे मोठे होत पुढे आले, ते येताना मोठ्याचे लहान होत मागे जातात. जाताना एखादा हत्ती आपल्यासोबत चालत असेल तर परतताना तो समोरून येतो. कवायतीसारखी एकसुरी रांग असती तर उलट-सुलट काही फरक पडला नसता. इथे पडतो, कारण रांगेतले हत्ती एकसारखे नाहीत. छिन्नीने घडवलेल्या कुठल्याही गजथरात ते एकसारखे नसतात. साच्यातून काढलेले नसल्याने प्रत्येकाची पाठ, सोंड, पाय टाकण्याची तऱ्हा थोडी निराळी निघते, आणि कोपऱ्यावर जागा कमी पडली की एखादा बिचारा आखडून बसवलेला असतो.

कला आणि शरीराची हालचाल यांचा हा संबंध आपल्याकडच्या शास्त्रकारांना जाणवला होता. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र नावाचा राजा मार्कंडेय ऋषींना म्हणतो, मला मूर्ती घडवायला शिकवा. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्रकला यायला हवी. तिच्यासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. राजाला मूर्ती हवी होती, त्याला गाण्यापासून सुरुवात करायला लावली. कलाशाळेत अर्ज भरताना कोणी असे सांगितले तर पालक तक्रार करतील, पण क्रम चुकीचा नाही. नाचणाऱ्याच्या अंगातला तोल ज्याने अनुभवला नाही त्याला मूर्तीची कंबर कुठे वळवावी हे फूटपट्टीने समजत नाही.

गाण्याचे म्हणायचे तर याच जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी आहे. नामदेवांचा जन्म परंपरेने 1270 सालचा आणि या गावचा मानतात. म्हणजे औंढ्याची भिंत आणि नामदेव हे साधारण एकाच शतकातले. त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले तेही परंपरेनुसार औंढ्याच्या देवळात. ज्या छंदाला आपण मोठा अभंग म्हणतो, त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे: चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात फक्त चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे. अक्षरांऐवजी कागदावर ठिपके काढा. सहा, सहा, सहा, चार. तीन वेळा तीच लांबी आल्यामुळे चौथ्यांदाही तीच येणार असे वाटते, आणि ती दोन अक्षरे आधीच संपते. उरलेली जागा टाळांनी भरायची. वारीत चालताना त्या रिकाम्या जागेवर पाऊल पडते. देवळाच्या स्थपतीने अभंगाचे माप घेतले असे मी म्हणत नाही, त्याला काही पुरावा नाही. पण तीन सारखे आणि एक आखूड या मापाची गोडी कानाला लागते तशी डोळ्यालाही लागते. संकल्पचित्राच्या कागदावर फूल-पान-फूल-पान काढणाऱ्या मुलाला सहा-सहा-सहा-चार या मापाने किनार काढायला सांगून पाहावे. वर्गातल्या सगळ्या किनारी पहिल्यांदाच एकमेकींपासून वेगळ्या निघतील, कारण त्या दोन रिकाम्या जागांचे काय करायचे हे प्रत्येकाला स्वतः ठरवावे लागेल.

हिंगोली जिल्ह्यात लय पाहण्याची दुसरी जागा देवळात नाही, तांड्यावर आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांत बंजारा समाजाची वस्ती मोठी. जुन्या बायकांच्या अंगावरची कांचळी, फेटिया म्हणजे घागरा, आणि डोक्यावरची टुकरी हे कपडे आता रोजच्या वापरातून हटत चालले आहेत. लग्नात, होळीला, तीजेला पेटीतून निघतात. हाती आले तर जवळून पाहावेत. कापडाचे तुकडे जोडून चौकोन केलेले, चौकोनाच्या आत धाग्याने पुन्हा चौकोन, त्याच्या आत तिरपा चौकोन, मध्यावर गोल आरसा, त्याच्याभोवती दोऱ्याचा घट्ट कडा. कडेला कवड्या. टाके मोजून घातलेले असतात, आखून नव्हे. कापडावर पेन्सिलीची रेघ नसते. लाल, निळा, पिवळा, पांढरा असे ठसठशीत रंग शेजारी शेजारी येतात, मधल्या छटा कमीच. विरोध म्हणजे काय हे मर्ढेकर न वाचता शिकायचे असेल तर ते इथे.

पण या कपड्याची खरी करामत आरशात आहे. दुकानात टांगलेला फेटिया ही नुसती नक्षी असते. तो नेसून बाई चालू लागली की घेराच्या घड्या पावलागणिक उघडतात-मिटतात आणि प्रत्येक आरसा आपल्या वेळेला लकाकून विझतो. सगळे एकदम नाही. या घडीतले आता, त्या घडीतले पुढच्या पावलाला. दगडी भिंतीला सूर्य कलण्याची आणि पाहणाऱ्याने चालण्याची वाट पाहावी लागते. इथे पाहणारा उभा आणि भिंतच चालते आहे. संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत हा कपडा सपाट पसरून ठेवतात तेव्हा तो अर्धाच उरतो, असे माझे मत आहे. नाचणाऱ्या बाईची दोन मिनिटांची फिल्म शेजारी लावली तरी पुष्कळ फरक पडेल.

डच चित्रकार पीट मोंद्रियान यांना म्हातारपणी न्यूयॉर्कला गेल्यावर असेच काहीसे साधायचे होते. त्याआधी बरीच वर्षे त्यांनी काळ्या जाड रेघांच्या चौकटी काढल्या. 'ब्रॉडवे बूगी वूगी' या 1942-43 च्या चित्रात त्यांनी काळा रंग टाकून दिला. रेघा पिवळ्या केल्या आणि त्यांचे बारीक बारीक चौकोनी तुकडे पाडून मध्ये लाल, निळे, राखाडी ठिपके पेरले. बूगी-वूगी हे पियानोवर वाजणारे, तोडत तोडत धावणारे संगीत त्यांना फार आवडे. ठिपक्यांमधली अंतरे सारखी नाहीत, म्हणून डोळा त्यांवरून ठेचकाळत पळतो. चित्र सुंदर आहे. पण कापडाला अंग मिळाल्यावर जे होते ते चौकटीतल्या कॅनव्हासला साधत नाही, आणि तांड्यावरच्या बायकांना ते बिनबोभाट साधले होते.

हल्ली आरशांची तयार लेस मीटरवर मिळते. आरसा प्लास्टिकचा, टाका यंत्राचा, अंतर बिनचूक. स्वस्त आहे, धुतले तर खराब होत नाही, आणि डोळे न दुखता रात्रीत घागरा तयार होतो. ती वापरणाऱ्या बाईला नावे ठेवण्याचा कोणाला अधिकार नाही. तरी दोन्ही शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो, आणि तो नुसता जुन्याच्या प्रेमातून दिसत नाही. संगीतातली अशी तुलना शास्त्रज्ञांनी केलेली आहे. संगणकावर बनवलेला ठेका फार नेमका, म्हणून निर्जीव वाटतो. त्यावर उपाय म्हणून संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ठोके मुद्दाम इकडेतिकडे हलवण्याची सोय असते. होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये माणसांनी वाजवलेल्या तालातल्या चुका मोजल्या. त्या चुका वाटेल तशा विखुरलेल्या नव्हत्या. आधीच्या ठोक्यात झालेला फरक पुढे बराच काळ मागे लागून येत होता, वाजवणारा नकळत तो सांभाळून घेत होता. ऐकणाऱ्यांनाही वाटेल तशा हलवलेल्या ठोक्यांपेक्षा असे एकमेकांशी नाते असलेले फरक जास्त आवडले.

टाक्यांची तशी मोजणी झालेली माझ्या पाहण्यात नाही, पण हाताने भरलेली एखादी पट्टी फूटपट्टी लावून पाहायला कोणाची हरकत नसावी. एक चौकोन जरा रुंद झाला की पुढचे दोन-तीन किंचित आवळलेले सापडतात, आणि ओळीच्या टोकाला जागा उरली असेल तर शेवटचे चौकोन ऐसपैस होतात. औंढ्याच्या कोपऱ्यावरच्या हत्तीला जी अडचण आली, तीच इथे उलट बाजूने येते.